एक मैलाचा हिशेब

घर घेताना माणूस आधी काय पाहतो? आपल्या वाडवडिलांना कोणी हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी विहीर, रोजगार, बिरादरी आणि मशीद अशी चार नावे घेतली असती. शाळेचे नाव त्या यादीत क्वचितच आले असते. आज मात्र वासिंद, आसनगाव, टिटवाळा, कल्याण या पट्ट्यात खोली पाहायला निघालेले नवरा-बायको दलालाला दुसराच प्रश्न विचारतात, "जवळ शाळा कोणती आहे?" आणि लगेच, "ती चांगली आहे का?" दोन-तीन पिढ्यांत हा बदल कसा झाला, त्यात कोणाचा फायदा झाला आणि कोण मागे राहिले, याचा शोध आम्ही या लेखात घेणार आहोत. त्यासाठी आम्ही मुंबईहून सुरुवात न करता रेल्वेच्या दुसऱ्या टोकाकडून, उंबरमाळीकडून निघतो.

उंबरमाळी हे शहापूर तालुक्यातले, खर्डी आणि कसारा यांच्या मधले स्थानक. मुंबईपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. पलीकडे कसारा आणि मग थळ घाट. आजूबाजूला कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांचे पाडे. जवळून मुंबई-आग्रा रस्ता जातो, आणि तालुक्यातल्या तानसा, भातसा यांचे पाणीही मुंबईलाच जाते. येथल्या माणसाने शहराला पाणी दिले, लाकूड दिले, मजूर दिले. शहराकडून त्याला काय मिळाले, याचा ताळेबंद मांडायचा तर शाळा हे त्यातले महत्त्वाचे कलम ठरेल.

रेल्वे आधी, शाळा मागून

बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, १८५५ मध्ये वासिंदला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. थळ घाट ओलांडून इगतपुरीपर्यंतचा मार्ग १८६५ साली खुला झाला. म्हणजे हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वेनंतर अवघ्या आठ वर्षांत आगगाडीचा धूर या डोंगरात दिसू लागला होता. अक्षर मात्र त्या वेगाने आले नाही.

त्याचे कारण पैशाच्या रचनेत होते. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला आणि त्यातला एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे वळवला गेला. खेड्यांतल्या शाळा या पैशावर उभ्या राहिल्या. पण जिथे सारा भरणारे खातेदार जास्त, बाजारपेठ मोठी, तिथे शाळा लवकर आली. रानातल्या पाड्यावर ना खातेदार, ना मागणी अर्ज लिहिणारा कोणी. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात इलाख्यातल्या जवळजवळ नऊ दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. कर शेतकऱ्याचा आणि शिक्षण वरच्या वर्गाचे, हा त्यांचा आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती.

फुले दांपत्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. शाळा चालवल्याबद्दल १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांना वडिलांचे घर सोडावे लागले. त्या वेळी पुण्याच्या गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला असे सांगितले जाते. फातिमाचे नाव तर सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रातच आले आहे. घर आणि शाळा यांचे नाते सांगणारी महाराष्ट्रातली ही पहिली मोठी हकिकत म्हटली पाहिजे. शाळेपायी एका कुटुंबाचे घर गेले, आणि दुसऱ्या कुटुंबाने त्याला आपल्या घरात जागा दिली.

अंतराची सबब

शाळा घरापासून किती दूर असावी, हा प्रश्न कायद्यात प्रथम मुलाच्या हक्काच्या रूपाने आला नाही. तो पालकाची सबब म्हणून आला. इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात मूल शाळेत न पाठवण्याची काही वाजवी कारणे दिली होती. त्यांतले एक असे की, घरापासून जास्तीत जास्त तीन मैलांच्या आत ठरवलेल्या अंतरावर शाळा नसेल तर पालकाला दोष लावता येणार नाही. म्हणजे शाळा दूर असेल तर सक्ती नाही. शाळा बांधलीच नाही तर मूल आपोआप कायद्याच्या बाहेर.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते इंग्लंड आणि आयर्लंडच्या कायद्यांच्या धर्तीवर. ते १९१२ साली फेटाळले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, तो नगरपालिकांच्या हद्दीपुरता. १९२३ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी वाट मोकळी केली, पण सक्ती खेड्यात फारशी उतरली नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि बडोद्यात सयाजीरावांनी जे करून दाखवले, ते ठाण्याच्या डोंगराळ तालुक्यांच्या वाट्याला आले नाही.

आपल्या समाजाची गोष्ट याच काळातली. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली आणि १८८० मध्ये तिची शाळा सुरू झाली. कल्याण, भिवंडी, पडघा ही कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. ज्या घरात कोणी मुंबईत नोकरी-व्यापाराला होते, तिथले मूल मामाकडे नाहीतर चाचाकडे राहून शिकले. घर हलले नाही, मूल हलले. नातेवाइकाचे घर हेच वसतिगृह आणि मुमानी हीच रेक्टर. ज्याला शहरात नातेवाईक नव्हता, तो चौथीपाशी थांबला. मुलींची गोष्ट वेगळी सांगायला नको. त्यांच्या बाबतीत वेशीबाहेरचे अंतर मैलात मोजलेच जात नव्हते.

शाळेला घराकडे नेणारे

स्वातंत्र्यानंतर १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळांचे जाळे पसरले. माध्यमिक शाळा मात्र मुख्यतः अनुदानित खासगी संस्थांच्या हातात राहिल्या, आणि त्या बाजाराच्या गावी निघाल्या. त्यामुळे पाड्यावरच्या मुलाची पहिली गळती चौथीनंतर आणि दुसरी सातवीनंतर, हे चित्र अनेक वर्षे कायम राहिले.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्राथमिक शाळा घरापासून साधारण एक मैलाच्या आत असावी असे म्हटले. पण त्याची खरी शिफारस याहून मोठी होती. आयोगाला परिसर शाळा हवी होती. एका परिसरातले सगळे मूल, शेटजीचे आणि हमालाचे, एकाच शाळेत जावे. कलेक्टरचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा एका बाकावर बसले तर शाळेचे छप्पर गळते आहे ही तक्रार कलेक्टरच्या घरी रोज पोहोचेल, असा त्यामागचा साधा व्यवहार. १९६८ च्या शैक्षणिक धोरणाने समान शाळांचे तत्त्व मान्य केले. ते अंमलात मात्र आले नाही.

याच ठाणे जिल्ह्यात काही माणसांनी अंतराचा प्रश्न उलट बाजूने सोडवला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. मूल गुरांमागे कुरणात असेल तर तिथेच शिकवायचे, म्हणून कुरणशाळा. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून कोसबाड पालघर जिल्ह्यात आहे, पण तो वारसा दोन्ही जिल्ह्यांचा आहे. १९९० च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या, त्याही याच परंपरेतल्या. सरकारच्या वस्तीशाळा २००० नंतर आल्या.

दुसरी परंपरा मुलाला घरातून उचलून शाळेत ठेवण्याची. बाळासाहेब खेर यांच्या आदिवासी सेवा मंडळाची वसतिगृहे, नंतर शासनाच्या आश्रमशाळा, आणि अलीकडची नामांकित इंग्रजी निवासी शाळांची योजना या त्या वाटेवरच्या पायऱ्या. या शाळांमुळे अनेक घरांत पहिला पदवीधर झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सहा-सात वर्षांचे लेकरू आईपासून दूर ठेवणे ही त्याची किंमत आहे, आणि ती किंमत शहरातल्या कोणत्या घराने हसत दिली असती?

शहापूर-मुरबाडच्या कातकऱ्याला तर घर निवडण्याचा प्रश्नच पडत नाही. दिवाळी झाली की बिऱ्हाड भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर आणि पावसाच्या तोंडावर परत. त्याचे घर कामामागे जाते आणि पोराचे नाव पाड्यावरच्या हजेरीपटावर राहते. शिक्षण हमी कार्ड हातात असले तरी भट्टीजवळच्या शाळेने ते वाचून मुलाला वर्गात बसवले पाहिजे ना!

हक्क आला, पण नकाशावर

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. १८७० साली जे अंतर पालकाची सबब होते, ते १४० वर्षांनी सरकारचे कर्तव्य झाले. ही मोठी मजल आहे.

त्याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. येथे अंतराला तिसरा अर्थ मिळाला. ऑनलाइन अर्जात पालकाने घराचे ठिकाण नकाशावर दाखवायचे, शाळेपासूनचे अंतर त्यावरून ठरायचे, आणि सोडत निघायची. कल्याण-डोंबिवलीत पालक भाडेकरार नोंदवताना हे अंतर डोळ्यांपुढे ठेवू लागले. पण ज्या पाड्याच्या तीन किलोमीटरच्या परिघात अशी खासगी शाळाच नाही, तिथे पंचवीस टक्के कशाचे काढायचे? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल जुलै २०२४ मध्ये रद्द केला. खटला कायद्याचा होता, पण त्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. गरिबाच्या घराजवळची सरकारी शाळा हा त्याचा आधार समजायचा की त्याला दुसऱ्या दारातून परत पाठवण्याचे निमित्त?

आपल्या संस्थांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच एका खंडपीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची भूमिका घेतली. निकाल काय लागायचा तो लागो. मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्याचे पोर आपल्या शाळेत फी माफ होऊन बसते की नाही, हे ठरवायला आपल्या विश्वस्तांना न्यायालयाच्या हुकमाची गरज पडू नये.

ज्यांना घर निवडता आले नाही

याच रेल्वेमार्गावर मुंब्रा आहे. १९८२ पासून ते ठाणे महापालिकेत आहे. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबे आपली जुनी खोली सोडून येथे आली. त्यांनी शाळेचा दर्जा पाहिला नाही, पाण्याची वेळ विचारली नाही. रात्री झोप लागेल एवढेच पाहिले. इमारती आधी उभ्या राहिल्या, शाळा, रस्ते, दवाखाने मागून रखडत आले.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पाव मुले शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा गळाली, असे नोंदवले आहे. मदरशात जाणाऱ्यांचे प्रमाण तीन-चार टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे "यांना मदरसाच हवा असतो" हा समज त्याच अहवालाने खोडून काढला. तिथेच लोकांनी समितीपुढे मांडलेल्या तक्रारी आहेत. भाड्याने वा विकत घर मिळताना अडचण येते आणि चांगल्या शाळेत मुलांना प्रवेश मिळताना अडचण येते, या दोन्ही त्यांत शेजारी-शेजारी आहेत. त्या वेगळ्या नाहीतच. ज्याला त्या गल्लीत घर मिळत नाही, त्याच्या मुलाला त्या गल्लीतली शाळाही मिळत नाही.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेत सरकारी शाळा बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. पण गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, आणि १९७४ च्या डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने उपनगरांच्या शाळा-हद्दी मोडायला नकार दिला. बंदी कागदावरून गेली आणि घराच्या किमतीत जाऊन बसली. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली बोस्टनच्या उपनगरांचा अभ्यास केला. रस्त्याच्या अलीकडचे घर एका शाळेच्या हद्दीत, पलीकडचे दुसऱ्या. परीक्षेचे गुण पाच टक्के जास्त असलेल्या शाळेच्या हद्दीतल्या घरासाठी लोक सुमारे अडीच टक्के जास्त किंमत मोजत होते. आपल्याकडे अशा पक्क्या हद्दी नाहीत. पण घराच्या जाहिरातीत शाळेचे नाव येऊ लागले की त्याच वाटेला पाय लागले असे समजावे.

शाळेचा दर्जा म्हणजे कोणाचा दर्जा?

शाळा मोजण्याचा उद्योगही जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ पासून आणि आपल्या इलाख्यात त्याच दशकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. तपासणी अधिकारी परीक्षा घेणार, आणि पास झालेल्या मुलांच्या संख्येवर खासगी शाळेला पैसे. परिणाम उघड होता. जे हमखास पास होईल तेच मूल पुढे करायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारनेच ही पद्धत मागे टाकली. त्यानंतरही खेड्यात दिपोटी साहेबाचा शेरा आणि व्हर्नाक्युलर फायनलचा निकाल यांवरच शाळेचे नाव ठरे. आता त्यांची जागा शाळासिद्धीच्या श्रेणीने, दहावीच्या निकालाच्या फलकाने आणि शेजाऱ्यांच्या मताने घेतली आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, गुण पाहताना ते कोणाचे आहेत हे ओळखावे. ज्या मुलाच्या घरी पुस्तक आहे, शिकलेली आई आहे, शिकवणीची फी आहे, त्याचे गुण शाळेच्या खात्यावर जमा होतात. पाड्यावरच्या मुलाला दोन वर्षांत प्रमाण मराठी वाचायला शिकवणाऱ्या गुरुजींचे श्रम त्या फलकावर दिसत नाहीत. नुसत्या निकालावरून घर निवडणारा बहुतेक वेळा शेजारी निवडत असतो.

मग पाहायचे काय? वर्ग किती आणि शिक्षक किती हे पाहावे. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक चालतात, म्हणजे दोघांत पाच इयत्ता असू शकतात. मुलींसाठी वेगळे आणि पाणी असलेले शौचालय आहे का? पाचवीत आलेली मुले आठवीपर्यंत टिकतात का, आणि मुली किती टिकतात? घरची बोली आणि शाळेची भाषा यांत किती अंतर आहे? उंबरमाळीसारख्या ठिकाणी तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. वाटेत रूळ आहे, हमरस्ता आहे की ओढा आहे? जुलै २०२१ च्या पावसात उंबरमाळी स्थानकात फलाटाच्या उंचीपर्यंत पाणी आले होते. नकाशावरचा एक किलोमीटर आषाढात एक किलोमीटर राहत नाही.

जो निघून जातो आणि जो राहतो

आपल्या लेकरासाठी चांगली शाळा शोधणाऱ्या आईबापाला आम्ही बोल लावणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे गुरुजीही आपल्या मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला नाहीतर कल्याणला घर करतात आणि रोज लोकलने वर येतात. मुख्यालयी राहण्याचा नियम एका बाजूला आणि पोटच्या पोराचे भवितव्य दुसऱ्या बाजूला. माणूस कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको.

पण प्रत्येक कुटुंब हलते तेव्हा मागे काहीतरी घडते. पट एकाने कमी होतो. पट घटला की शिक्षकाचे पद जाते, पद गेले की आणखी दोन घरे हलतात. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला. त्यानंतर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची भाषा सुरू झाली. शेवटी पाड्यावर उरतो तो ज्याला हलता येत नाही तो, आणि त्याच्या वाट्याला पुन्हा १८७० चे अंतर येते.

म्हणून घर निवडताना शाळा अवश्य पाहावी, पण जिथे राहतो तिथली शाळाही आपली मानावी. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. त्या समितीच्या सभेला जावे, शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा अर्ज लिहावा, आपले मूल त्या शाळेत नसले तरी लिहावा. मुंब्र्यातल्या आईचा आणि उंबरमाळीच्या कातकरणीचा प्रश्न एकच आहे, हे आपल्या समाजाने ओळखले तर तो सुटायला बळ मिळेल. दोघींनाही घर निवडण्याची मोकळीक मिळाली नाही. निदान त्यांच्या दारातली शाळा तरी अशी असावी की, ती सोडून जावे असे कोणाला वाटू नये.